इंग्रजी हवी, पण कोणत्या वाटेने?

अमेरिकेत स्थलांतरित पालकांचा इंग्रजीला विरोध असतो, हा गैरसमज आधी दूर करूया. त्यांचा प्रश्न असतो तो शिकवण्याच्या पद्धतीचा.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांची मुलं वर्गात बसत, पण इंग्रजीतून शिकवलेलं त्यांना कळत नसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1974 साली निकाल लागला: सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले, एवढ्याने समान वागणूक होत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये 1996 साली उलटंच घडलं. कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्पॅनिशभाषक आईबापांनी मुलांना शाळेत पाठवणंच थांबवलं. तक्रार काय, तर स्पॅनिशच्या नादात इंग्रजी मागे पडते! दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून देण्याचा कायदा केला. गंमत अशी, की मतदानोत्तर चाचणीनुसार बहुतेक लॅटिनो मतदार त्याच्या विरोधात होते. म्हणजे एकाच समाजात दोन्ही मतं. आणि माझ्या मते दोन्ही रास्त.

2016 साली मतदारांनीच ते बंधन सैल केलं. आता एखाद्या शाळेतल्या 30 किंवा एका इयत्तेतल्या 20 मुलांच्या पालकांनी द्विभाषिक वर्ग मागितला, तर शाळेला शक्य तितकी सोय करावी लागते.