दुःस्वप्नांची खूण शरीरात सापडेल का?

वारंवार दुःस्वप्नं पडणारी माणसं माझ्याकडे येतात, ती बहुधा घरच्यांचं एक वाक्य ऐकून: ‘मनाचे खेळ आहेत, झोपताना देवाचं नाव घे.’ रक्ततपासणीत काही निघत नाही, म्हणून त्रासही खोटा ठरतो.

मग खूण शोधायची कुठे? दुःस्वप्नं बहुतेक वेळा रेम झोपेत पडतात. पहाटेकडे ही झोप वाढते. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी झोपेतले मेंदूचे आणि हृदयाचे आलेख एकत्र तपासले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मेंदू बारीकसा विद्युत प्रतिसाद देतो. दुःस्वप्नांच्या रुग्णांमध्ये रेम झोपेत तो जास्त मोठा दिसला.

अभ्यास लहान होता, त्यावरून निदान करता येत नाही. पण उपचार आजही आहे: जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपणच बदलायचा आणि तो नवा शेवट रोज काही मिनिटं मनात घोळवायचा.

निदान अजूनही रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. त्यामुळे घरात कुणी अशी स्वप्नं सांगितली, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांकडे घेऊन जा.