शिरस्त्राणाखालचे नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी अमेरिकन सैनिकांची युद्धातील छायाचित्रे, त्यांची शिरस्त्राणे आणि त्यांचा सरंजाम हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारावा. त्याचे उत्तर शेवटी द्यावे असा आमचा मानस आहे. तोवर आपण थोडा धीर धरावा, ही विनंती.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शिपाई म्हटला की डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते त्याचे शिरस्त्राण. पहिल्या महायुद्धातील इंग्रजी धर्तीचे, पसरट थाळीसारखे शिरस्त्राण मागे टाकून अमेरिकेने १९४१ मध्ये 'एम-१' नावाचे नवे शिरस्त्राण स्वीकारले. त्याचे भाग दोन. बाहेरचे कवच मँगनीजयुक्त पोलादाचे. आतला टोप हलका, डोक्याच्या मापाप्रमाणे सैल वा घट्ट करता येणारा. दोहोंचे पट्टे निराळे. बाहेरचे कवच काढून शिपाई त्यात पाणी घेत, दाढी करीत, तोंड धूत, प्रसंगी काही शिजवूनही घेत. युद्ध संपेपर्यंत अशी दोन कोटींहून अधिक शिरस्त्राणे तयार झाली. दोन कोटी डोकी एका साच्याची! जीव वाचवणाऱ्या या वस्तूने माणसाची ओळख मात्र झाकून टाकली. कपाळ गेले, केस गेले, कान गेले. उरली ती नुसती आकृती.

अशाच सहा आकृतींचे एक छायाचित्र जगभर गाजले. पॅसिफिक महासागरातील इवो जिमा हे जपानचे चिमुकले बेट. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकेचे मरीन सैनिक तेथे उतरले. लढाई २६ मार्चपर्यंत चालली आणि तीत सहा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक कामी आले; जपानी बाजूची जीवितहानी तर याहून कितीतरी अधिक. २३ फेब्रुवारीस सुरिबाची नावाच्या डोंगरावर सकाळी एक ध्वज उभारण्यात आला. तो लहान होता, म्हणून थोड्या वेळाने दुसरा, मोठा ध्वज वर नेण्यात आला. काठी म्हणून सापडली ती जपान्यांचीच लोखंडी पाण्याची नळी. असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल तेथे होते. दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्यांना घेतले नव्हते. अंगाने बुटके असल्यामुळे त्यांनी दगड आणि वाळूच्या पोत्यांचा चौथरा रचला, त्यावर ते चढले, आणि काठी वर जात असता त्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबली. फिल्म ग्वाम बेटावर गेली, तेथे धुतली गेली, आणि २५ फेब्रुवारीच्या रविवारच्या अमेरिकन वृत्तपत्रांत ते चित्र झळकले. त्याला त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचे तिकीट निघाले, युद्धकर्जाची भित्तिपत्रके निघाली, आणि १९५४ मध्ये वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथे त्याचे भव्य कांस्यशिल्प उभे राहिले.

एवढे सारे झाले. पण त्या सहा जणांची नावे त्या क्षणी कोणीच टिपून घेतली नव्हती!

चित्र पाहून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यातील सैनिकांना मायदेशी आणण्याची आज्ञा केली. तेव्हा नावांची शोधाशोध सुरू झाली. सहांपैकी तिघे पुढील काही आठवड्यांत त्याच बेटावर मरण पावले होते. चेहरे जवळजवळ झाकलेले, पाठी वळलेल्या. घाईघाईने एक यादी झाली, आणि काठीच्या बुंध्याशी वाकलेला मनुष्य हँक हॅन्सन आहे असे ठरले. पण टेक्सासमधील एका मातेने वृत्तपत्रातील ती पाठमोरी आकृती पाहताच सांगितले, की हा माझा हार्लन! घरच्यांनी समजूत घातली, सरकारी यादी दाखवली. ती मात्र आपल्या शब्दावरून ढळली नाही. हार्लन ब्लॉक तोवर इवो जिमावर पडला होता. त्या सहांपैकीच एक, पिमा या आदिवासी जमातीचा आयरा हेझ, याला सत्य ठाऊक होते. परंतु त्याला गप्प राहण्यास सांगण्यात आले होते. अखेर १९४६ मध्ये तो ॲरिझोनातून निघाला, आणि कधी पायी, कधी वाटेतल्या वाहनांना हात करीत टेक्सासला पोहोचून त्याने ब्लॉकच्या वडिलांना खरे काय ते सांगितले. १९४७ च्या जानेवारीत यादी दुरुस्त झाली. आईने जे पाठीवरून ओळखले, ते मान्य करावयास सरकारला सुमारे दोन वर्षे लागली.

यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे सर्वांना वाटत होते की यादी आता निर्दोष आहे. २०१४ मध्ये मात्र अमेरिकेतील ओमाहाचे एरिक क्रेल आणि आयर्लंडमधील स्टीफन फोली या दोन हौशी अभ्यासकांची शंका एका दैनिकाने प्रसिद्ध केली. हे दोघे इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. त्यांनी मोठा सिद्धान्त मांडला नाही. सैनिकांचे कपडे आणि सामान तेवढे न्याहाळले. चित्रात जॉन ब्रॅडले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या विजारीचे पाय सरळ होते. त्याच दिवशीच्या इतर छायाचित्रांत ब्रॅडलेंच्या विजारीचे पाय दुमडलेले. चित्रातल्या माणसाच्या कमरेला काडतुसांचा पट्टा आणि तारा तोडण्याची पक्कड, शिवाय शिरस्त्राणाखालून कापडी टोपीची चोच डोकावते. ब्रॅडले तर जखमींची शुश्रूषा करणारे नौदलाचे मदतनीस. इतर चित्रांत त्यांच्या अंगावर असा सरंजाम नाही.

मरीन दलाने चौकशी समिती नेमली आणि २०१६ मध्ये निर्णय दिला. ती आकृती ब्रॅडलेंची नसून फ्रँकलिन सूझलीची होती. आणि सूझलीची मानली जाणारी आकृती हॅरोल्ड शुल्ट्झ नावाच्या, कोणाच्या ध्यानीमनीही नसलेल्या सैनिकाची होती. शुल्ट्झची ओळख पटली ती कशावरून? शिरस्त्राणाच्या आतल्या टोपाचा चामडी पट्टा सुटून एका बाजूस लोंबत होता, आणि बंदुकीचा पट्टा नेहमीपेक्षा निराळ्या कडीत अडकवलेला होता. दोन कोटी शिरस्त्राणे एका साच्याची, असे आम्ही प्रारंभी म्हणालो. त्यांतील एकाचा पट्टा सुटला, आणि त्यावरून माणूस सापडला.

पण सापडला तेव्हा तो हयात नव्हता. शुल्ट्झ लॉस एंजेलिसच्या टपालखात्यात पत्रांची छाननी करीत राहिले आणि १९९५ मध्ये वारले. आयुष्याच्या अखेरीस एकदा जेवताना त्यांनी सावत्र मुलीजवळ ओझरता उल्लेख केला. तुम्ही तर मोठे वीर ठरता, असे ती म्हणताच त्यांनी ते नाकारले आणि विषय संपवला. जगातील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एकात आपण आहोत हे गुपित पोटात ठेवून हा माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्यांची पत्रे योग्य पत्त्यावर धाडीत होता.

२०१९ मध्ये यादी पुन्हा बदलली. रेने गॅग्नॉन यांच्या जागी हॅरोल्ड केलर यांचे नाव आले. त्या वेळच्या इतर चित्रांशी आणि बिल जेनॉस्ट यांनी रोझेन्थाल यांच्या शेजारी उभे राहून घेतलेल्या चलच्चित्राशी ताडून पाहता त्या माणसाच्या हातात लग्नाची अंगठी दिसली. गॅग्नॉन तेव्हा अविवाहित होते. हे जेनॉस्टही काही दिवसांनी त्याच बेटावर एका गुहेत मारले गेले. त्यांच्या फितीने आणखी एक काम केले: ध्वज उभारण्याचा देखावा मुद्दाम रचला होता, हा रोझेन्थाल यांच्यावर आयुष्यभर येत राहिलेला आरोप तिने खोटा ठरवला.

येथे कोणी विचारील, ब्रॅडले यांचा मान यामुळे गेला काय? आमच्या मते तसे मुळीच नाही. सकाळचा पहिला ध्वज उभारताना ते होते. त्याआधी दोन दिवस, गोळीबारात जखमींकडे धावत गेल्याबद्दल त्यांना नौदलाचे मोठे शौर्यपदक मिळाले. त्यांचे शौर्य चित्रावर अवलंबून नव्हतेच. सत्य बाहेर आल्याने त्यांचे काही उणे झाले नाही. मात्र ते आले नसते तर शुल्ट्झ आणि केलर यांचे उणे कायमचे राहिले असते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. पन्नास वर्षांत आपल्या मंडळाचीही छायाचित्रे पुष्कळ निघाली. गणेशोत्सवाची आरास, नाटकाचा चमू, हळदीकुंकू, सहल. पुढच्या रांगेतील खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे आपणांस पाठ आहेत. मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसणारा गृहस्थ कोण? सतरंजी गुंडाळताना पाठमोरी आलेली ती भगिनी कोण? गावापासून दूर आलेल्या माणसाला येथे ओळखणारे गणगोत थोडे. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांतील कित्येक आज ऐंशीच्या घरात आहेत. काही बदली होऊन अन्य शहरी गेले, काही आपल्यातून गेले.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. ही चित्रे घेऊन आपण वडीलधाऱ्यांकडे जावे. मऊ पेन्सिलीने मागील बाजूस डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. साल लिहावे, आणि कोणी सांगितले तेही लिहावे. खात्री नसेल तेथे अंदाजाने नाव न घालता जागा मोकळी सोडावी. घाईने भरलेले नाव पुसावयास किती वर्षे लागतात, ते आपण पाहिलेच. लुगड्याचा काठ, हातातील कडे, टोपी घालण्याची ढब, एवढ्यावरूनही कोणी आजी चटकन म्हणेल, "अगं, ही तर आमची कमल!" तिचे म्हणणे लिहून घ्यावे. टेक्सासच्या त्या माउलीचे म्हणणे वेळीच कोणी लिहून घेतले नव्हते.