घरातले दोन संगणक



मी सातवी शिकलेली. माझे वायफायवर भाषण म्हणजे गंमतच! मुलाच्या नव्या लॅपटॉपला वायफाय लागे, मुलीच्या जुन्या संगणकाला त्याचे नावच दिसेना. तिचे ऑनलाइन वर्ग बुडू लागले. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवाच घ्या." एवढे पैसे कोठून आणायचे? शेवटी मुलाला राउटरची पुस्तिका वाचायला बसवले. राउटरच्या लहरी दोन तऱ्हांच्या : ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावतात, २.४ च्या सावकाश, पण लांब पोचतात. जुन्या संगणकांना पुष्कळदा २.४ च्याच कळतात, आणि आमच्याकडे नेमक्या त्याच बंद होत्या! मुलाने आपल्या लॅपटॉपवरून त्या चालू केल्या, दोन्हींना निरनिराळी नावे दिली. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गाला बसली. दुरुस्तीवाल्याला मात्र मी दोनशे रुपये आधीच देऊन चुकले होते.