लाच, पुरावा आणि तपास अधिकारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसाय मार्गदर्शनाचा कार्यक्रम म्हटला की डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि घरचा धंदा या चार वाटांवर आपली चर्चा फिरत राहते. आज मी एका निराळ्या नोकरीविषयी बोलणार आहे. सरकारी नोकर लाच घेत असेल तर त्याचा गुन्हा शोधून काढणारे सरकारचेच एक खाते आहे. त्याला आपण लाचलुचपत प्रतिबंधक विभाग म्हणतो. तेथील तपास अधिकारी नेमके काय काम करतो, त्याला काय यावे लागते आणि आपल्या मुलामुलींनी तिकडे का पाहावे, हे मला सांगायचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी पुरवठ्याच्या खरेदीत लाचखोरी फार बोकाळली, म्हणून १९४१ साली केंद्र सरकारने एक विशेष पोलीस यंत्रणा उभी केली. १९४७ साली लाचलुचपत प्रतिबंधक कायदा झाला. १९६३ साली केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सी.बी.आय., स्थापन झाला आणि संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य होण्यापूर्वीच, द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९५७ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सुरू झाला. १९४७ च्या कायद्याच्या जागी १९८८ चा कायदा आला आणि २०१८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आजचा तपास या कायद्याने चालतो.

आता काम कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका विधवा आईला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. कागद सगळे पुरे आहेत. कारकून म्हणतो, "पंधराशे रुपये द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात या." अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली आहे. या बाईला पैसे द्यायचे नाहीत. ती १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करते किंवा विभागाच्या जिल्ह्यातील कार्यालयात जाते.

तेथला अधिकारी लगेच कारकुनाला पकडायला धावत नाही. आधी तो पडताळणी करतो. बाई खरे बोलते आहे की जुन्या भांडणाचा सूड घेते आहे, हे त्याला पाहावे लागते. दोन पंच बोलावले जातात. ते बहुधा दुसऱ्या एखाद्या कार्यालयातले सरकारी नोकर असतात, कारण त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध असता कामा नये. एका पंचाला सोबत घेऊन, जवळ ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून बाई पुन्हा कारकुनाकडे जाते आणि फक्त बोलून येते. कारकुनाने स्वतःच्या तोंडाने पैसे मागितले तरच पुढचे पाऊल पडते.

मग सापळा. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि नोटांना एक भुकटी लावतात. महाराष्ट्रात पूर्वी अँथ्रासीन वापरीत. साध्या उजेडात ते डोळ्याला दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. दुसरी भुकटी फिनॉल्फ्थेलीनची. विज्ञान शाखेच्या मुलांनी ती प्रयोगशाळेत पाहिली आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ती गुलाबी होते. ज्या बोटांनी नोटा घेतल्या ती बोटे या पाण्यात बुडवली की पाण्याचा रंग बदलतो. ते पाणी बाटलीत भरून, सील करून, पंचांच्या सह्या घेऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवतात.

यातली एक बारीक खबरदारी पाहा. नोटांना भुकटी लावणारा कर्मचारी सापळ्याच्या पथकात जात नाही. का? कारण उद्या न्यायालयात आरोपीचा वकील विचारील, "ती भुकटी तुमच्याच माणसाच्या हातून माझ्या अशिलाच्या हाताला लागली नसेल कशावरून?" हा प्रश्न कधीतरी विचारला जाणार, हे धरूनच अधिकाऱ्याला पहिल्या मिनिटापासून वागावे लागते.

आणि मित्रहो, एवढे करूनही गुन्हा सिद्ध झाला असे होत नाही. नोटा सापडल्या, पाणी गुलाबी झाले, तरी न्यायालय विचारते की मागणी सिद्ध झाली का? कोणीतरी बळेच टेबलावर नोटा ठेवू शकतो, खिशात कोंबू शकतो. म्हणून नुसता पैसा सापडणे पुरेसे नाही, मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तर काय, हाही प्रश्न होता. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की अशा वेळी इतर साक्षी आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. परंतु तो पुरावा आधी कोणीतरी नीट गोळा केलेला असला पाहिजे. ते काम तपास अधिकाऱ्याचे.

दुसरा प्रकार अपसंपदेचा. त्यात सापळा नसतो, गणित असते. समजा, एका अधिकाऱ्याकडे दहा वर्षांच्या सुरुवातीला पाच लाखांची मालमत्ता होती आणि शेवटी पासष्ट लाखांची निघाली. म्हणजे साठ लाखांची भर पडली. त्याच काळात घरखर्च, मुलांची फी, लग्नकार्य यांवर पंचवीस लाख गेले. बेरीज पंच्याऐंशी लाख. पगार आणि इतर कायदेशीर उत्पन्न मिळून पन्नास लाख. मग पस्तीस लाखांचा हिशेब लागत नाही, म्हणजे उत्पन्नाच्या सत्तर टक्के. सातवीच्या मुलाला येणारे हे गणित आहे. पण त्यातला प्रत्येक आकडा खरेदीखत, बँकेचा उतारा, विम्याचा हप्ता, पत्नीच्या माहेरची देणगी अशा कागदांतून शोधायचा असतो, आणि उत्पन्नाच्या बाजूचा एकही रुपया लपवायचा नसतो. आरोपीच्या फायद्याचा कागदही फाईलला लावावा लागतो. अग्निहोत्री खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्क्यांच्या आतली तफावत दुर्लक्षून आरोपीला सोडले होते. तेव्हा बेरजेतली चूक येथे माणसाची अब्रू घेऊ शकते.

तपास पुरा झाला की कागद आरोपीच्या वरिष्ठांकडे, म्हणजे त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे, मंजुरीसाठी जातात. ती मिळाली की विशेष न्यायालयात खटला चालतो. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तो फार लांबतो. मग आपल्या उदाहरणातली ती आई कित्येक वर्षांनी साक्षीला उभी राहते. मुलगी तोवर शिकून मोठी झालेली असते. पंच निवृत्त झालेला असतो. शेजारी सांगतात, "जाऊ द्या बाई, कशाला कोणाच्या पोटावर पाय?" आणि ती म्हणते, मला काही आठवत नाही. सगळी मेहनत तेथे पाण्यात जाते.

पालकहो, म्हणून हा विषय मी तुमच्यासमोर आणला. आपण लाचखोरीविरुद्ध बोलतो, पण साक्षीला उभे राहत नाही. चहाच्या टपरीवर कोणत्या कार्यालयाचा भाव किती हे आपल्याला तोंडपाठ असते आणि फोन करायची वेळ आली की आपण म्हणतो, आपल्याला काय करायचे आहे. पोलीस म्हटले की आपल्या मोहल्ल्यातला माणूस दोन पावले मागे सरतो. त्याला कारणे असतीलही. पण या खात्याचे सगळे बळ सामान्य तक्रारदारात आहे. तो आला नाही तर सापळ्याचे एकही प्रकरण उभे राहत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. २०१८ पासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कोणी बळजबरीने द्यायला लावली असेल आणि सात दिवसांच्या आत कळवले, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. तसेच आधी विभागाला कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर तोही गुन्हा नाही. सापळ्यात गुंतलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची सोय आहे. घेणाऱ्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे, मग त्याने काम नियमानेच केलेले का असेना. हक्काच्या कामासाठी पैसे घेणे हीदेखील लाचच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून आदराने सांगतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे कर्मचारी आणि पदाधिकारी हेही या कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक ठरतात. म्हणजे मी शिक्षक आहे, मीही त्यात आलो. नेमणुकीसाठी किंवा दाखल्यासाठी हात पुढे करणारा माणूस कार्यालयात बसला असो की शाळेत, नियम एकच. मुलांना प्रामाणिकपणाचा धडा शिकवायचा असेल तर तो शाळेच्या कचेरीत आधी दिसला पाहिजे.

आता विद्यार्थी मित्रांनो, या नोकरीत जायचे कसे? या विभागात वेगळी सरळ भरती नसते. अधिकारी आणि कर्मचारी मुख्यतः पोलीस दलातून येथे येतात. म्हणजे बारावीनंतर पोलीस शिपाई भरती, पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत पोलीस उपनिरीक्षक किंवा राज्यसेवेतून पोलीस उपअधीक्षक, आणि संघ लोकसेवा आयोगामार्फत भारतीय पोलीस सेवा. या गुन्ह्यांचा तपास कोणीही करू शकत नाही. कायद्याने उपअधीक्षकाचा दर्जा लागतो, किंवा शासनाने अधिकार दिलेला निरीक्षक लागतो. सी.बी.आय. मध्ये उपनिरीक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा आहे.

तयारी कशाची करावी? धावण्याची करालच. पण मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून भाषेविषयी सांगतो. पंचनामा हा निबंध नाही. निबंधात तुम्ही लिहिता, "तो घाबरला." पंचनाम्यात लिहावे लागते, "त्याचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, त्याने पाणी मागितले." घाबरला हा तुमचा अंदाज झाला, घाम हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले. पाहिलेले आणि समजलेले वेगळे ठेवायला जो शिकला तो अर्धा तपास अधिकारी झाला. आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मी कळकळीने सांगतो की मराठी पक्की करा. स्पर्धा परीक्षेत ती लागते आणि राज्याच्या तपासाचे कागद मराठीतच लिहिले जातात. आणि उर्दू सोडू नका. आपल्या मोहल्ल्यातली म्हातारी दखनीत जे सांगेल ते तिच्याच अर्थाने टिपून घेणारा अधिकारीही खात्याला हवा आहे.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी हिशेब, विज्ञानाच्या मुलांनी रसायन आणि सर्वांनीच थोडा कायदा वाचावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, तेव्हा यंत्र हाताळणेही आले. मुलींनाही येथे मोठे काम आहे. घराच्या झडतीत बायकामाणसे असतात, तक्रारदार स्त्री असते. तिच्यासमोर महिला अधिकारी असली तर ती मोकळेपणाने बोलते.

या नोकरीत सुख फार नाही, हे लपवत नाही. ज्यांच्याविरुद्ध तपास करायचा ते कधी आपल्याच खात्यातले असतात. लग्नात आलेला भारी आहेरसुद्धा विचार करून घ्यावा लागतो. रात्र-रात्र पंचनामे लिहून शेवटी आरोपी सुटतोही, आणि तो सुटला म्हणून रागावून चालत नाही. कारण पुरावा अपुरा असेल तर माणूस सुटलाच पाहिजे. आपल्यापैकी कोणावर उद्या खोटा आळ आला, तर याच नियमाचा आपल्याला आधार आहे. कडक पण न्यायी माणूस त्या खुर्चीत असावा असे वाटत असेल, तर तसा माणूस कोणत्या तरी घरात वाढला पाहिजे, कोणत्या तरी शाळेत शिकला पाहिजे.

ते घर आपले का नसावे, एवढेच मला विचारायचे आहे. विद्यार्थ्यांनी या वाटेचा विचार करावा आणि पालकांनी १०६४ हा आकडा घरच्या भिंतीवर लिहून ठेवावा. 

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.