मेंदूला मार लागलेले मूल आणि आपला विहार



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजवले. इतर भिक्खूंनी त्याची सेवा का केली नाही? तो आमच्या काही उपयोगाचा नाही, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर आपल्या वस्तीतही ऐकू येते, फक्त कोणी ते उघड बोलत नाही.

अपघातात मेंदूला इजा झालेले मूल अकोल्याहून वा नागपूरहून घरी आले की पहिल्या आठवड्यात अंगण माणसांनी भरते. कोणी फळे आणतो, कोणी शंभराची नोट ठेवतो. तीन महिन्यांनी कोणी फिरकत नाही. जखम भरलेली असते, केस वाढलेले असतात, मूल वरून ठणठणीत दिसते. पण ते लवकर थकते, सांगितलेले विसरते, क्षुल्लक कारणाने चिडते. शाळेत आळशी ठरते. शेजारी 'बाहेरचे' झाले म्हणून अंगारा सुचवतात. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात अंगारा! आईची सोयाबीन सोंगणीची मजुरी बुडते, धाकट्या भावंडांची शाळा चुकते.

फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाराव्या वर्षी अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीला सुमारे 62 लाख रुपये भरपाई दिली. त्यात तिच्या शुश्रूषेसाठी दोन माणसांचा पगार धरला होता. आपल्याकडे हेच काम एकटी आई करते आणि त्याला आपण काम म्हणत नाही.

वाशीमला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आनंद आहे. तरी रिसोड-मानोऱ्याकडच्या खेड्यातून मुलाला वारंवार एस.टी.ने न्यायला सोबत लागतेच. आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून कागदांचेही सांगतो: दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, पोलिसांचे कागद, तपासण्यांचे अहवाल एका पिशवीत जपावेत, भरपाईच्या दाव्याला ते लागतात. अपंगत्व 40 टक्के वा अधिक ठरल्यास 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्राचा अर्ज भरून देणे पदवीच्या विद्यार्थ्याला कठीण नाही.

विहारात एक वही ठेवावी. त्यात वर्गणी लिहू नये, तास लिहावेत. मंगळवारी दुपारी दोन तास मुलाजवळ कोण बसणार, दवाखान्याच्या दिवशी सोबत कोण जाणार, धाकट्यांचा अभ्यास कोण घेणार, एवढेच. सभा संपल्यावर वही दाराजवळच्या टेबलावर राहील.

जयभीम.