नोहावाचून तारू

चित्रपटगृहातील दिवे लागले म्हणजे खेळ संपला, असे समजण्याची रीत आहे. रसिकांचा खेळ मात्र त्यानंतर रंगतो. जिना उतरताना, गाडी काढताना, समोरच्या उपाहारगृहात चहा येईपर्यंत जी चर्चा झडते, तिच्यात तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला जातो. आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहिला जातो. परदेशी चित्रपटांची ही गोडी आपल्याकडे नवी नाही. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मधील सायकल हरवलेल्या बापाने इथल्या प्रेक्षकांच्या काळजाला हात घातला. तो महोत्सव २००४ सालापासून गोव्यात भरत आला आहे. त्या दिवसांत पणजीला ज्या रांगा लागतात, त्यांत इराणी, कोरियन व पोलिश चित्रपटांविषयी हिरिरीने बोलणारी माणसे भेटतात. भाषा कळत नसली तरी पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी वाचीत कथा समजून घेणे त्यांना अंगवळणी पडले आहे. पणजी, बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. परभाषेचे भय त्याला मुळातच कमी.

याच मंडळींपुढे अ‍ॅनिमेशनपटाचे नाव काढले की मात्र सूर पालटतो. “कार्टून होय? मग मुलांना घेऊन जा की.” एवढ्यावर विषय मिटतो. वस्तुतः चित्राला चालते करण्याची हौस आपल्या चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात निर्जीव काड्या पडद्यावर नाचविल्या होत्या. त्या काड्या केवळ पोरांसाठी नाचल्या असे म्हणण्यास काही आधार नाही. जपानात १९८८ साली इसाओ ताकाहाता यांनी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ काढला, तोही हाताने रेखाटलेला. युद्धात घरदार गमावलेली दोन भावंडे त्यात उपासमारीने खंगत जातात. तो चित्रपट लहान मुलांना दाखवावा की नाही, याचाच विचार पालकांना पडावा. तथापि समजूत बदलत नाही. रंगीत रेषा दिसल्या की मोठी माणसे आपले मत घरी ठेवून येतात.

ही समजूत कसोटीला लावणारा एक चित्रपट २०२४ साली लॅटव्हियातून आला. लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. त्याची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत आहे. चित्रपटाचे नाव ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह. दिग्दर्शक गिन्ट्स झिलबालोडिस १९९४ साली जन्मलेले. त्यांनी याआधीचा ‘अवे’ हा पहिला मोठा चित्रपट जवळजवळ एकट्याने, एका संगणकापुढे बसून पुरा केला होता. ‘फ्लो’साठी त्यांना फ्रान्स व बेल्जियम या देशांतील सहकारी मिळाले. मे २०२४ मध्ये तो कान येथील महोत्सवात दाखविला गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. लॅटव्हियाला मिळालेले हे पहिलेच ऑस्कर. त्याआधी जानेवारीत मिळालेली गोल्डन ग्लोबची बाहुली रीगा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. लहान देशांना असला आनंद क्वचितच मिळतो. तो त्यांनी मनमुराद उपभोगला यात नवल नाही.

त्या वर्षी स्पर्धेत असलेल्या ‘इन्साइड आऊट २’ या अमेरिकन चित्रपटास सुमारे वीस कोटी डॉलर खर्च आला होता. ‘फ्लो’चा खर्च सुमारे पस्तीस लाख युरो. शिवाय तो ‘ब्लेंडर’ नावाच्या संगणक-प्रणालीवर बनला, आणि ही प्रणाली कोणासही फुकट मिळते. इंदूरच्या किंवा बेळगावच्या विद्यार्थ्याने मनात आणले तर तेच हत्यार आज संध्याकाळी त्याच्या हाती येऊ शकते. अर्थात हत्यार मिळाल्याने कारागिरी येत नाही. झिलबालोडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या चित्रपटास पाच वर्षांहून अधिक काळ लागला.

आता कथा. एक काळसर मांजर रानातल्या एका ओसाड घरात राहते. बिछाना आहे, लाकडात कोरलेली मांजरांची चित्रे आहेत, अंगणात मांजरांचे भले मोठे पुतळे आहेत. माणूस मात्र कुठेच नाही. तो कुठे गेला हे चित्रपट सांगत नाही. एके दिवशी हरणांचा कळप उधळतो, मागोमाग पाण्याचा लोंढा येतो, आणि पाहता पाहता पुतळ्यांचे कानसुद्धा बुडतात. वाहत आलेल्या एका शिडाच्या होडीवर मांजर कसेबसे चढते. होडीत आधीपासून एक कॅपिबारा बसलेला असतो. हा दक्षिण अमेरिकेतला डुकराएवढा, संथ स्वभावाचा उंदीरवर्गीय प्राणी. पुढे एक लेमूर येतो, त्याला चकचकीत वस्तू जमविण्याचे वेड. मग पिवळसर लॅब्रेडॉर कुत्रा येतो. आणि उंच पायांचा एक सेक्रेटरी पक्षी. मांजराची बाजू घेतली म्हणून त्याच्या थव्याने त्याचा पंख मोडून त्याला मागे टाकलेले असते.

संपूर्ण चित्रपटात एकही शब्द नाही. हे प्राणी माणसासारखे बोलत नाहीत. ते म्यावतात, भुंकतात, गुरगुरतात. आवाज खऱ्या प्राण्यांचेच वापरले आहेत. गंमत अशी की कॅपिबाराचा खरा आवाज त्याच्या भारदस्त देहाला शोभेना, तेव्हा त्याला उंटाच्या पिलाचा आवाज दिला गेला. त्याच वर्षीच्या ‘द वाइल्ड रोबॉट’ या चित्रपटातले यंत्र काही काळ गप्प राहून प्राण्यांची बोली शिकून घेते, आणि त्यानंतर सारे रान अस्खलित इंग्रजी बोलू लागते. तो चित्रपटही गोड आहे. पण त्यात कोणाच्या मनात काय आहे हे प्रेक्षकाला ऐकविले जाते. ‘फ्लो’मध्ये ते मांजराच्या कानावरून ओळखावे लागते.

इथेच रसिकांची मते फुटतात. एका पक्षाचे म्हणणे असे की यात गोष्टच नाही. होडी जाते, थांबते, पुन्हा जाते. दुसरा पक्ष चित्रांवर बोट ठेवतो. मांजराच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसत नाही, कुत्रे तर अर्धवट रंगविल्यासारखे वाटतात, मोठ्या अमेरिकन चित्रगृहांच्या सफाईपुढे हे संगणकावरच्या खेळासारखे दिसते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रेमाच्या भरात ते नाकारू नये. पाणी व प्रकाश ज्या तोलाचे उतरले आहेत, त्या तोलाची कातडी व पिसे उतरलेली नाहीत. मात्र कॅमेरा जसा मांजराच्या उंचीवरून, न तुटता, दीर्घ काळ त्याच्या मागे धावतो, तसा धावताना केस मोजण्याची सवड फारशी उरत नाही. तिसरा आक्षेप अधिक बुद्धीचा आहे. प्राणी जर खरेखुरे प्राणीच ठेवायचे, तर पक्षी पायाने होडीचे सुकाणू कसा धरतो? मांजर स्वतः पकडलेले मासे इतरांपुढे कसे टाकते? या प्रश्नाला पळवाट नाही. दिग्दर्शकाने मोह टाळता टाळता थोडासा मोह केला आहे. पण मांजराचे पाण्याला भिणे, मग एक पंजा बुडविणे, मग डोके, आणि शेवटी सूर मारून मासे धरणे हा क्रम इतका सावकाश दाखविला आहे की मासे वाटून खाण्यापर्यंत येताना प्रेक्षकास धक्का बसत नाही. सुकाणूचे तसे नाही. ते ज्याने त्याने क्षमा करावे किंवा करू नये.

कित्येकांनी या चित्रपटाला हवामानबदलाचा धडा ठरवून टाकले. तसे म्हणता येईल. परंतु पूर का आला याविषयी चित्रपट अवाक्षर काढीत नाही, आणि धडा देणाऱ्याने निदान गुन्हेगाराचे नाव तरी घ्यावयास हवे. होडी, महापूर आणि नाना जातींचे जीव एकत्र पाहिल्यावर आठवण होते ती फार जुन्या कथांची. उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाचे तारू ख्रिस्ती घरांतील मुलांना अक्षरओळखीआधी ठाऊक असते. शतपथ ब्राह्मणात मनूची नौका एक मासा उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेतो. दोन्ही कथांत कोणी तरी आधी सूचना दिलेली असते, कोणी तरी नौका बांधलेली असते, आणि नौकेवर माणूस असतो. ‘फ्लो’च्या होडीवर नोहा नाही. जोड्या मोजून घेणारे कोणी नाही, वचन देणारे कोणी नाही, कबुतर सोडून कोरडी जमीन शोधणारे कोणी नाही. ज्याला जागा सापडली तो आत आला. मग एकमेकांना जागा देणे, अन्न देणे, दोरी ओढणे हे त्यांचे त्यांनाच शिकावे लागते, आणि ते काही सर्वांना जमत नाही. कुत्र्यांचा एक कळप वाचविला जातो. पुढे होडी दरीवर लटकत असताना, कॅपिबारा तिच्यात अडकलेला असताना, हाच कळप एका सशामागे धावत निघून जातो. लॅब्रेडॉर मात्र थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर कोणतीही उदात्त भावना रंगविलेली नाही. तो नुसता थांबतो.

पक्ष्याचे प्रकरण आणखी अवघड आहे. उंच शिळास्तंभांच्या माथ्यावर मांजर आणि तो पक्षी पोचतात. भोवती प्रकाश दाटतो, दोघेही भूमीवरून किंचित उचलले जातात, आणि पक्षी वर वर जात दिसेनासा होतो. मांजर खाली उतरते. ख्रिस्ती प्रेक्षकास येथे स्वर्गारोहण दिसेल, दुसऱ्या कोणास मुक्ती, तिसऱ्यास साधा मृत्यू. अशा वेळी चर्चेत एक जण हमखास विचारतो, “पण दिग्दर्शकाला काय म्हणायचे होते?” हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत शोभतो. चहाच्या टेबलाशी अधिक उपयोगी प्रश्न हा, की मांजर त्याच्याबरोबर का गेले नाही? पंख मोडलेल्या, थव्याने टाकलेल्या पक्ष्याला खाली परतण्यासारखे काय होते, आणि मांजराला काय होते? उत्तर देण्यासाठी मागची दृश्ये आठवावी लागतात. मत आवडीवरून दृश्यावर येते ते या वाटेने. कोणी “छान होता” म्हणाले, कोणी “कंटाळा आला” म्हणाले, की पुढे बोलणे उरत नाही. “तो कुत्रा थांबला तेव्हा” अशी सुरुवात झाली की टेबलावर दुसरा चहा मागवावा लागतो.

लहान मुले या बाबतीत मोठ्यांना मागे टाकतात. “त्या घरातला माणूस कुठे गेला?” हा प्रश्न मूल पहिल्या पाच मिनिटांत विचारील. मोठ्यांना तो सुचत नाही. माणूस नसलेले जग हा कार्टूनचा नेहमीचाच प्रकार असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

सर्वांत मोठा वाद शेवटाचा. चित्रपटभर एक प्रचंड देवमासा अधूनमधून पाण्याबाहेर डोके काढतो. मांजर बुडत असताना तो त्याला पाठीवर घेऊन वर आणतो. अखेर पाणी जसे अचानक आले तसेच जमिनीत जिरते. रान पुन्हा दिसू लागते. कॅपिबाराची सुटका होते. प्रेक्षक सुस्कारा सोडतो. आणि तेवढ्यात मांजराला झाडांमध्ये तो देवमासा पडलेला दिसतो. पाणी गेले म्हणून मांजर वाचले. पाणी गेले म्हणूनच देवमासा मरणार. मनूच्या कथेतला मासा नौका बांधून झाल्यावर कुठे गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. हा चित्रपट ती करतो. मांजर त्याच्या थंड होत चाललेल्या अंगाशी अंग घासते. याहून अधिक त्याला काही करता येत नाही. मागून कुत्रा, लेमूर आणि कॅपिबारा येऊन उभे राहतात, आणि चौघे डबक्यात आपली प्रतिबिंबे पाहतात. चित्रपटाच्या आरंभी मांजर असेच पाण्यात पाहत होते; तेव्हा ते एकटे होते.

यास सुखान्त म्हणावे की शोकान्त? एक म्हणतो, चौघे जिवंत आहेत, सोबत आहेत, आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, ज्याने वाचविले तोच डोळ्यांदेखत मरतो आहे आणि हे डबक्यात तोंड पाहत उभे! तिसऱ्याला हरणांचा कळप पुन्हा उधळलेला आठवतो. पहिल्यांदा हरणे धावली तेव्हा मागून पूर आला होता. मग या खेपेस मागून काय येणार आहे? हे तिन्ही आवाज एकाच टेबलावरून उठू शकतात आणि तिघांच्याही हाती पुरावा आहे. मुलांच्या करमणुकीची जिन्नस म्हणून बाजूला सारलेल्या चित्रपटावर मोठी माणसे मरण आणि उपकार यांविषयी भांडतात, ही गोष्ट एखाद्या पारितोषिकापेक्षा कमी मोलाची नाही.

आणि या वादात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे नामावळी सुरू होताच प्रेक्षक उठतात. दारे उघडतात, दिवे लागतात, चपला शोधल्या जातात. ‘फ्लो’ची नामावळी संपल्यावर पडद्यावर पुन्हा समुद्र येतो आणि त्यातून एक देवमासा वर येतो. तो तोच, की दुसरा, हे कळावयास मार्ग नाही. जे आधी उठून गेले त्यांना तो दिसलेला नसतो. आणि बाहेर चहाच्या टेबलाशी तेच सर्वांत ठामपणे सांगत असतात की देवमासा मेला.