चोरट्याचा माग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वरुणा येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



आपण म्हैसूरच्या परिसरात स्थिरावलो, तरी आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांच्या ठेवी अजून पुण्याच्या सहकारी बँकांत आहेत. त्यामुळे २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर पडलेल्या दरोड्याची वार्ता आपणांस परकी वाटली नसेल. अशा वेळी एकच उद्गार ऐकू येतो : चोर अदृश्य आहे, त्याला कोण धरणार? तो मला मान्य नाही. येथल्या वरुणा तलावावरून होडी जावी आणि पाणी हलू नये, असे घडत नाही.

दरोड्याची रीतच पाहा. आपण एटीएममध्ये कार्ड घातले, की मागणी स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य खातेवहीकडे जाते आणि शिल्लक पाहून होकार येतो. चोरट्यांनी मध्येच एक तोतया स्विच उभा केला. मागणी खातेवहीपर्यंत पोहोचेचना. तोतयाच होकार देऊ लागला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगकडे वळवण्यात आले.

युक्ती बिनतोड दिसते खरी. परंतु होकाराची नोंद झाल्यावाचून यंत्रातून एक नोटही बाहेर पडत नाही. व्हिसा आणि रुपे यांच्या दप्तरी प्रत्येक व्यवहार उमटत होता, आणि त्याची भरपाई अखेर बँकेकडेच मागितली जाणार होती. एका वहीत हजारो व्यवहार, दुसरीत एकही नाही! ज्या खातेवहीला चोरट्यांनी चुकवले, तिचा कोरेपणाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. (ताळा न जुळणे म्हणजे काय, हे सरकारी नोकराला निराळे सांगावे लागत नाही.)

शिवाय रोकड कोणीतरी हातात घ्यावीच लागते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी बनावट कार्डे घेऊन माणसे यंत्रासमोर उभी राहिली. तेथे कॅमेरे होते. पुणे पोलिसांनी माग काढला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

आणि सूत्रधार? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. म्हणजे मागाचे ते टोकही सापडले. पण तेथवर पुणे पोलिसांचा हात पोहोचत नाही. तुरुंगाची वाट दिसली ती यंत्रासमोर उभे राहणाऱ्यांना आणि त्यांना जमवणाऱ्यांना.